पॉलिसीत पेशंट कुठे आहे?

दुचाकी रस्त्यावर काढायची तर थर्ड पार्टी विमा लागतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १४६वं कलम त्यासाठीच आहे. ऑपरेशन थिएटर उघडायला मात्र असा कुठलाच विमा लागत नाही. शुश्रूषागृहाची नोंदणी, अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था, सोनोग्राफी मशिनची नोंद हे सगळं तपासलं जातं. उपचारात चूक झाली तर भरपाईचा पैसा कुठून येणार, एवढंच कायदा विचारत नाही. डॉक्टर आपल्या मर्जीनं ‘प्रोफेशनल इन्डेम्निटी’ची पॉलिसी घेतात. काही घेत नाहीत, काही घेऊन नूतनीकरण विसरतात. ज्या पेशंटच्या बिलातून शेवटी तो हप्ता निघतो, त्याला पॉलिसी आहे की नाही हेही ठाऊक नसतं.

या प्रकारात सरकारनं हात घालावा का, आणि घातला तर नेमका कुठे, यावर मी दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक वहिनी. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी त्यांचं बारा खाटांचं प्रसूतिगृह आहे. दुसरे त्यांचे दीर, ग्राहक आयोगात पेशंटच्या बाजूनं उभे राहणारे वकील. पात्रं माझी आहेत. ती ज्या कायद्यांचा आणि निकालांचा आधार घेतात ते मात्र खरे आहेत, आणि दोघांची चीडही खरी आहे.

भाऊजी : वहिनी, सरळ सांगतो, सक्ती हवी. १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. पेशंटला दाद मागायचा हक्क मिळाला, पण पैसे मिळतील याची हमी कुणी दिली? निकाल हातात पडतो, मग वसुलीचा अर्ज करायचा, मग अपील येतं, मग स्थगिती. डॉक्टरकडे विमा असेल तर निदान पैसा कुठे आहे ते माहीत असतं. नसेल तर त्याच्या दवाखान्यावर जप्ती आणायची का? ती मला नको असते आणि माझ्या अशिलालाही नको असते.

वहिनी : सक्ती कुणाला परवडते ते आधी बघा. पाचशे खाटांच्या हॉस्पिटलला हप्ता म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. आम्हाला प्रसूती आणि भूल यांचा हप्ता इतरांपेक्षा जास्त, कारण आमच्याकडे दोन जीव असतात आणि वेळ मिनिटांत मोजायची असते. उद्या कायदा आला आणि कंपन्यांना कळलं की ही गिऱ्हाइकं आता जाणार कुठे, तर हप्ता वाढेलच. मग माझ्यासारखी एकजण सिझेरियन बंद करून नुसती ओपीडी चालवेल. ते बिघडलेलं बाळंतपण मग रात्री अँब्युलन्समधून मिरजेला जाईल. वाटेत जे होईल, ते कुठल्या आयोगापुढे येणार?

भाऊजी : म्हणून तर हप्ता सरकारनं ठरवायचा. मोटारीचा थर्ड पार्टी हप्ता ठरवतात तसाच.

वहिनी : मोटारीचं मला सांगू नका, माझ्या माहेरी ट्रक होते. थर्ड पार्टीचा दर सरकारनं बांधलेला. तो परवडत नाही म्हणून कंपन्या जुन्या ट्रकला पॉलिसी द्यायलाच टाळाटाळ करायच्या. आज साहेब नाहीत, आज फॉर्म नाहीत. शेवटी २००७ साली व्यापारी वाहनांसाठी सगळ्या कंपन्यांचा मिळून एक पूल करावा लागला. त्यात एवढी तूट आली की नियामकानं कंपन्यांना जास्तीची तरतूद करायला लावली आणि २०१२ साली तो पूल बंद केला. दर बांधणं सोपं आहे. त्या दरात माल विकायला लावणं अवघड.

इथे मला वहिनींच्या बाजूनं थोडी भर घालावीशी वाटते, कारण त्यांचा मुद्दा परदेशातही खरा ठरला आहे. फ्रान्सनं मार्च २००२मध्ये कायदा करून डॉक्टरांना आणि रुग्णालयांना विमा सक्तीचा केला. विमा कंपन्या त्या बाजारातून काढता पाय घेऊ लागल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरात दुरुस्ती करावी लागली. रुग्णालयात होणाऱ्या गंभीर जंतुसंसर्गाच्या भरपाईचा भार राष्ट्रीय निधीवर गेला. पण फ्रान्सच्या कायद्यातली एक तरतूद भाऊजींनाही आवडेल. ज्या डॉक्टरला कंपनी विमा नाकारते, त्याला एका केंद्रीय मंडळाकडे जाता येतं. मंडळ हप्ता ठरवतं आणि कंपनीला त्या हप्त्यात पॉलिसी द्यावीच लागते. म्हणजे सक्ती डॉक्टरवर आहे, तशीच कंपनीवरही आहे. एकाच बाजूवर केलेली सक्ती कशी कोसळते, हे जुन्या ट्रकच्या मालकांनी आपल्याकडे भोगलेलंच आहे.

भाऊजी : कंपनीवरही सक्ती, मला मान्य. पण मग तुमच्या संघटनांची दुसरी मागणी पुढे येते. भरपाईला वरची मर्यादा घाला, म्हणजे हप्ते आपोआप उतरतील. कॅलिफोर्नियानं १९७५ साली तेच केलं. वेदना, दुःख, आयुष्याची झालेली हानी यांची भरपाई अडीच लाख डॉलरच्या वर जाणार नाही असं कायद्यात लिहून टाकलं. २०२२पर्यंत तो आकडा तसाच राहिला. महागाई वाढत गेली, दुःखाची किंमत १९७५लाच थांबली. त्यात नुकसान कुणाचं झालं? नोकरदार माणसाचा बुडालेला पगार वेगळा मोजतात, त्याला मर्यादा नाही. ज्याला पगारच नाही, म्हणजे लहान मूल, घर सांभाळणारी बाई, म्हातारा माणूस, त्याची जवळजवळ सगळी भरपाई त्या मर्यादेत अडकते. तुमच्या पेशंट कोण असतात वहिनी?

वहिनी : बायका आणि बाळं.

भाऊजी : मग?

वहिनी : मग मला मर्यादा नको. पण तुम्हीही पुढचं सांगा. तिथले हप्ते मर्यादेमुळे आटोक्यात आले की १९८८च्या लोकमतानं झालेल्या विमा कायद्यामुळे, यावर अजून वाद आहे ना? त्या कायद्यानं कंपनीला दर वाढवण्याआधी विमा आयुक्ताची मंजुरी घ्यायला लावली. पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ मागितली तर लोकांना जाहीर सुनावणी मागता येते. मला ती पद्धत आवडते. माझा हप्ता वाढला तर का वाढला ते मला कुणी तरी आकड्यांनिशी सांगावं. आज एजंट फोन करतो, ‘मॅडम, यंदा एवढा झालाय’ म्हणतो आणि मी चेक लिहिते. आमच्या जिल्ह्यात प्रसूतीचे किती क्लेम आले, किती दिले, याचा तक्ता मी कधी पाहिला नाही.

वहिनींच्या या तक्रारीवर मला थांबून बोलायचं आहे. विम्याच्या नियंत्रणाची चर्चा सुरू झाली की ती हप्त्यावर जाते आणि तिथेच संपते. डॉक्टर हप्त्याबद्दल बोलतात, कंपन्या तोट्याबद्दल, वकील रकमेबद्दल. पॉलिसीचा कागद उघडून तिच्या अटी कुणी वाचत नाही. माझं मत असं झालं आहे की नियमनाची खरी गरज त्या अटींना आहे. हप्ता किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिली अट काळाची. या पॉलिसी बहुतेक ‘क्लेम्स मेड’ पद्धतीच्या असतात. घटना घडली तेव्हा पॉलिसी होती एवढं पुरत नाही, दावा आला तेव्हाही ती चालू असावी लागते. शिवाय घटना पॉलिसीवर लिहिलेल्या रिट्रोअ‍ॅक्टिव्ह तारखेनंतरची असावी लागते. मध्ये एखादं वर्ष खंड पडला की ती तारीख पुढे सरकू शकते, आणि मागची सगळी वर्षं उघडी पडतात.

वहिनी : माझ्या ओळखीच्या एक बाई साठीला आल्या, प्रॅक्टिस बंद केली, पॉलिसी बंद केली. प्रॅक्टिसच नाही तर हप्ता कशाला, असा साधा हिशेब. त्यांना कुणी सांगितलंच नाही की मागच्या दोन वर्षांतल्या कुठल्याही बाळंतपणावरून उद्या केस येऊ शकते.

भाऊजी : दोन वर्षं ग्राहक आयोगात. दिवाणी कोर्टात अज्ञान बालकाच्या दाव्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर सुरू होते. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झालेलं मूल वीस वर्षांचं झाल्यावरही दावा लावू शकतं. तेव्हा त्या डॉक्टर हयात तरी असतील का? आणि विचार करा, त्यांनी आयुष्यभर हप्ते भरले, त्या मुलाच्या आईनं बिल भरलं, आणि पैशाची गरज लागली त्या दिवशी पॉलिसी नाही. यात गैर कुणी वागलं नाही. करारच तसा लिहिलाय.

वहिनी : मग सरकारनं एवढंच लिहावं. डॉक्टर निवृत्त झाला किंवा वारला, तर मागच्या कामाचं संरक्षण ठरलेल्या वर्षांपर्यंत कंपनीनं चालू ठेवायचं, त्याचा पैसा आधीच्या हप्त्यांतच मोजायचा. याला मी आनंदानं जास्त हप्ता देईन.

दोघांचं एकमत झालं ते इथे. त्यानंतरचा विषय मात्र वहिनींनी काढला, आणि तो मला या सगळ्यात सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो.

वहिनी : भाऊजी, तुम्ही पेशंटच्या नातेवाइकांना रोज भेटता. त्यांना आधी काय हवं असतं?

भाऊजी : नेमकं काय झालं ते कळायला हवं असतं. पैशाचं बोलणं नंतर येतं, बऱ्याचदा मीच काढतो. पहिल्या भेटीत सगळे एकच सांगतात : डॉक्टर बोलले नाहीत. फाइल मागितली तर दिली नाही, फोन उचलला नाही, ओटीच्या मागच्या दारानं निघून गेले.

वहिनी : का जातात ते सांगते. माझ्या पॉलिसीत अट आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही, कुठलाही प्रस्ताव द्यायचा नाही, तडजोड करायची नाही. केली तर कंपनी हात झटकू शकते. आता एखाद्या बाईला प्रसूतीनंतर रक्तस्राव सुरू झाला, आम्ही गर्भाशय काढून तिला वाचवलं, पण रक्त मागवायला मला पंधरा मिनिटं उशीर झाला हे मला माहीत आहे. तिच्या आईसमोर बसून मी ते सांगितलं, तर मी माणूस म्हणून बरोबर केलं आणि पॉलिसीधारक म्हणून चूक केली. मी काय करावं?

भाऊजी : तुम्ही काय करता?

वहिनी : बोलते. पण अर्धं बोलते. आणि ते अर्धं ऐकून समोरच्याला जास्त संशय येतो, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

यावर उत्तर आहे, आणि त्याला फार पैसाही लागत नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतानं २००९ साली ‘अपॉलॉजी अ‍ॅक्ट’ केला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की माफी मागणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे, ती माफी पुरावा म्हणून वापरता येणार नाही, आणि तेवढ्यावरून विम्याचं संरक्षण रद्द होणार नाही. पॉलिसीत काहीही लिहिलेलं असो, कायदा वरचढ. इंग्लंडनं २००६च्या कायद्यात माफीला नुसत्या तेवढ्यावरून कबुलीजबाब मानायचं नाही असं लिहिलं. आपल्याकडे विमा नियामकानं पॉलिसीच्या मजकुरावर अशी एक ओळ घातली, तर बारा खाटांच्या दवाखान्यात काय बदलेल याची मला कल्पना करता येते. भाऊजींकडे येणाऱ्या केसेस कमी होतील असं माझं म्हणणं नाही. कदाचित नाही होणार. पण मुलगी गेलेल्या आईला तिच्या शेवटच्या तासाची हकीकत ऐकायला आयोगात तीन वर्षं तारखा घ्याव्या लागू नयेत, एवढं तरी विम्याच्या अटींनी अडवू नये.

भाऊजी मात्र एवढ्यावर थांबणारे नाहीत.

भाऊजी : माफी ठीक. पण पैशाचं काय? मोटार अपघातात मेलेल्या माणसाच्या घरचे थेट विमा कंपनीकडून घेऊ शकतात. मालकानं अट मोडली असेल तरी कोर्ट बऱ्याचदा कंपनीला सांगतं, आधी कुटुंबाला दे आणि मग मालकाकडून वसूल कर. डॉक्टरांच्या पॉलिसीत हे नाही. ती फक्त तुमची आणि कंपनीची. आम्ही कंपनीला प्रतिवादी करतो, ती म्हणते आमचा करार डॉक्टरशी आहे, हप्ता उशिरा भरला होता, ऑपरेशन अपवादाच्या यादीत होतं. या भांडणात पेशंट कुणीच नाही.

वहिनी : आणि थेट हक्क दिलात की खोल खिसा बघून दावे येतील. माझ्या काळजीचं कारण वेगळंच आहे. २०२२च्या मार्चमध्ये राजस्थानात लालसोटला काय झालं आठवतं? प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावानं बाई गेली, जमाव जमला, डॉक्टरीणबाईंवर खुनाचा गुन्हा लावला. त्यांनी आत्महत्या केली. कुठल्या पॉलिसीनं त्यांना वाचवलं असतं? तुम्ही पैशाची वाट सोपी कराल, पोलिसांची वाट तशीच राहील.

भाऊजी : पोलिसांची वाट लोक का धरतात? कारण दिवाणी वाट लांब आहे. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालानं सांगितलं की गुन्हा धरायला निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं. तरी ठाण्यासमोर प्रेत ठेवतात, कारण तिथे त्याच दिवशी कुणी तरी ऐकून घेतं. कुणाल साहांची केस बघा. त्यांची पत्नी अनुराधा कोलकात्यात आजारी पडली, मुंबईत आणली, १९९८च्या मे महिन्यात वारली. सर्वोच्च न्यायालयाचा भरपाईचा अंतिम निकाल आला २०१३च्या ऑक्टोबरात. सहा कोटींच्या आसपास आणि वर व्याज. सगळ्यांना आकडा लक्षात राहिला, मला पंधरा वर्षं लक्षात राहिली. आणि ते स्वतः डॉक्टर होते. वाळव्याच्या शेतमजुरानं काय करावं?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४च्या रुग्णालयीन नोंदींवर हार्वर्डच्या संशोधकांनी केलेला अभ्यास दोघांच्याही कामाचा आहे. निष्काळजीपणामुळे इजा झालेल्या बहुतेक पेशंटनी दावा केलाच नव्हता. आणि ज्यांनी केला, त्यातल्या बऱ्याच प्रकरणांत अभ्यासकांना निष्काळजीपणा दिसला नव्हता. पहिलं वाक्य भाऊजींचं, दुसरं वहिनींचं. दोन्ही एकाच वेळी खरी आहेत, आणि म्हणून चूक कुणाची हे ठरवल्याशिवाय पैसा द्यायचाच नाही ही पद्धत दोघांवरही अन्याय करते.

वहिनी : तुमच्या सगळ्या बोलण्यात एक माणूस राहून जातो. तुम्ही बिल भरणाऱ्याबद्दल बोलता. ज्या सरकारी दवाखान्यात सगळ्यांवरच फुकट उपचार होतात, तिथला पेशंट शांता निकालानुसार ग्राहकच नाही.

भाऊजी : हो. त्याला दिवाणी कोर्ट, किंवा रिट.

वहिनी : मग त्याच्यासाठी सक्तीचा विमा करून उपयोग काय? पण एक सांगते. मी सरकारी शिबिरात नसबंदीची ऑपरेशनं केली आहेत. तिथे हे आधीच आहे.

वहिनी जे सांगत होत्या ते फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही. २००५ साली रमाकांत राय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं नसबंदीच्या ऑपरेशनांतल्या हलगर्जीवर आदेश दिले आणि विम्याची व्यवस्था करायला सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रानं योजना सुरू केली. आधी ती विमा कंपनीमार्फत चालली. २०१३च्या एप्रिलपासून कंपनीला बाजूला ठेवून राज्यं स्वतःच ती चालवू लागली. ऑपरेशननंतर रुग्णालयात किंवा घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाला तर २ लाख रुपये, नसबंदी फसली तर ३० हजार, गुंतागुंत झाली तर २५ हजारांपर्यंत खर्च, अशी २०१३ची रचना होती. त्याच योजनेत डॉक्टरलाही एका दाव्यामागे २ लाखांपर्यंत, वर्षाला चार दाव्यांपर्यंत संरक्षण होतं. रकमा तुटपुंज्या होत्या. पण बाईला आधी कुणाची चूक होती हे सिद्ध करावं लागत नव्हतं, आणि डॉक्टर व पेशंट दोघांची नावं एकाच कागदावर होती.

भाऊजी : नसबंदीला सरकारनं हे केलं, कारण नसबंदी सरकारला हवी होती.

वहिनी : बाळंतपण दवाखान्यात व्हावं हेही सरकारलाच हवंय. त्यासाठी पैसेही देतं. मग सिझेरियनला हे का नाही? सरकारी दवाखान्यात सरकारनं द्यावं, माझ्या दवाखान्यात माझ्या हप्त्यातून जावं. मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं की ठरलेली रक्कम महिन्याभरात. त्यानंतर ज्याला वाटतं की माझी चूक होती, त्यानं तुमच्याकडे यावं.

भाऊजी : आणि ती रक्कम घेतली म्हणून पुढचा दावा बंद, असं नको.

वहिनी : मोटारीत काय आहे?

भाऊजी : १६४वं कलम. चूक सिद्ध न करता मृत्यूला पाच लाख, गंभीर इजेला अडीच. पण ते घेतलं की तो दावा तिथेच मिटतो. जास्तीचं हवं असेल तर चूक सिद्ध करायच्या वाटेनं जायचं. मला हे बाळंतपणात नको आहे. जन्मापासून अंथरुणाला खिळलेल्या मुलाला अडीच लाख देऊन गप्प बसवता येणार नाही.

वहिनी : दोन्ही वाटा उघड्या ठेवल्यात तर कंपनी माझा हप्ता दुप्पट करेल.

भाऊजी : तिला आयुक्तापुढे हिशेब मांडू दे, तुम्हालाच तो तक्ता बघायचा होता. आणि पहिली रक्कम नंतरच्या भरपाईतून वजा करा.

वहिनी : वजा होणार असेल तर चालेल. पण पाच लाखांवर मी अडून बसणार नाही. बाळाच्या बाबतीत मी वेगळा आकडा मागेन, आणि दर महिन्याला मिळेल असा मागेन.